विमानातली विडी

तेरखेड्याची पोरगी विमानात नोकरीला लागली हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला नाना प्रश्न विचारले. कुणाला पगार जाणून घ्यायचा होता, कुणाला कपडे, आणि बहुतेकींना माझ्या लग्नाचं आता काय होणार ते. मावशींनी एकच विचारलं.

"इमानाला दारं किती?"

मी म्हटलं, पंखांवरची धरून आठ.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भुईमुगाच्या शेंगा फोडायला लागल्या.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. आईच्या मैत्रीण आणि आमच्या शेजारच्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फटाक्याच्या कारखान्यात त्या बायकांच्या मुकादम होत्या. बारावी झाल्यावर दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. एकीकडं बाहेरून बी.ए. चालू होतं, दुसरीकडं हे.

आमच्याकडं कारखाना म्हणजे काही मोठी इमारत नव्हे. गावाबाहेरच्या माळावर लांब लांब बांधलेल्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन दारं, आणि एका खोलीत मोजून चार बाया. उन्हाळ्यात आम्ही झुंजुमुंजूला निघायचो आणि ऊन चढायच्या आत हातातलं काम आवरायचो. चपला बाहेर, पैंजण-जोडवी घरी, अंगावर सुती साडी. फाटकापाशी मावशी उभ्या असत. प्रत्येकीची पिशवी बघत, पदर झटकायला लावत, आणि तोंडाकडं नीट निरखून पाहत. पिशवीपेक्षा तोंड त्या जास्त वेळ बघायच्या.

त्याचं कारण मला महिनाभरानं कळलं. घरून भांडून आलेल्या बाईला त्या आत सोडत नसत. राग आला की हात जोरात चालतो, आणि बारुदीला जोर चालत नाही, एवढं साधं गणित. अशा बाईला त्या कडुलिंबाखाली बसवायच्या, रांजणातलं पाणी द्यायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. काय झालं, कोण काय बोललं, काहीही विचारायच्या नाहीत. ती आपणहून बोलली तर ऐकायच्या. नाही बोलली तर अर्ध्या तासानं म्हणायच्या, "जेवून आलीस का?" बहुतेकदा ती बाई उपाशीच आलेली असे. मग मावशी आपल्या फडक्यातली भाकरी सोडायच्या.

त्या दोन वर्षांची आठवण आजही येते ती हातांवरून. चंदेरी बुकटी नखांच्या कडेला बसायची आणि कितीही घासली तरी पुरती निघायची नाही. गावात लग्न असलं की कारखान्यातली बाई ओळखू यायची, कारण मेंदीच्या हातावरही ती बारीक चमक दिसायची. आम्ही हळू आवाजात बोलायचो. मोठ्यानं हसायचं झालं तर दुपारी घरी जाताना, माळाच्या वाटेवर हसून घ्यायचं. तसं हसणं नंतर मी कुठल्या शहरात ऐकलं नाही.

पुण्यात माझा मावसभाऊ होता. त्याच्या बायकोनं विमान कंपनीची जाहिरात पाहिली, तिनंच फोटो काढवून घेतले आणि अर्ज भरला. मुलाखतीत मला विचारलं, प्रवासी चिडला तर तुम्ही काय कराल. बाकीच्या मुलींनी इंग्रजीत छान छान सांगितलं होतं. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, त्याला पाणी देईन आणि बाकीच्यांना लांब करीन. समोरच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. का घेतलं ते त्यांनाच ठाऊक, पण मला घेतलं.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो नोकरीच्या चौथ्या वर्षातला. दिल्लीहून पुण्याला यायचं दुपारचं विमान होतं. आम्ही चौघं होतो. पुढं आमच्या सिनियर, मणिपूरच्या, अतिशय शांत बाई. त्यांच्यासोबत एक मुलगी. मागं मी आणि एक नवा मुलगा, ज्याला लागून जेमतेम तीन महिने झाले होते.

मागून चौथ्या रांगेत कडेच्या सीटवर पन्नाशीतला एक माणूस होता. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन, बोटात दोन अंगठ्या. विमानात चढतानाच दारूचा वास आला होता, पण चालणं-बोलणं सरळ होतं म्हणून त्याला बसू दिलं. उड्डाण झाल्यापासून तो डोक्यावरची घंटी दाबत राहिला. पाणी द्या, गार आहे. दुसरं द्या, गरम आहे. पुढच्या सीटवरच्याला पाठ सरळ करायला लावा. आमच्या नव्या मुलाला त्यानं हिंदीत दोनदा नको ते बोलून घेतलं. मी तिथं गेले, हिंदीतच त्याला समजावलं, आणि मुलाला सांगितलं की या रांगेकडं आता मी बघते.

थोड्या वेळानं तो उठून मागच्या संडासात गेला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मी ट्रॉलीतले कप लावत होते. धुराची घंटी वाजायच्या आधीच मला वास आला. सिगारेटचा नव्हे, विडीचा. तो वास मी हजार वासांत ओळखला असता, कारण माझे वडील विडी ओढायचे आणि मला न्यायला आले की कारखान्याच्या फाटकापाशी मावशी त्यांना शंभर पावलं लांब उभं करायच्या.

मी दार वाजवलं. आतून उत्तर नाही. संडासाचं दार बाहेरून उघडता येतं, ते उघडलं. तो आत उभा होता, हात रिकामे. आणि त्या क्षणी कंपनीनं इतकी वर्षं शिकवलेली भाषा माझ्या तोंडातून कुठल्या कुठं गेली.

"आधी बाहीर या. विडी कुठं टाकली?"

तो दचकला. "कुठं म्हंजी? डब्यात."

डबा म्हणजे हात पुसलेल्या कागदांचा डबा. झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ येत होती. त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मुलाला म्हटलं, पुढं फोन कर आणि दुसरा सिलिंडर आण. तिथल्या खणातला आग विझवायचा छोटा सिलिंडर काढून मी त्या फटीतून आत मारला, मग झाकण उघडून दोन बाटल्या पाणी ओतलं. आतले कागद काळे पडले होते, एका कोपऱ्यात लाल कड धुमसत होती. ती विझल्यावरही मी हातमोजा घालून एकेक कागद उलटा केला. विडीचं थोटूक तळाशी सापडलं. ते बोटांत दाबून गार आहे याची खात्री केली, मगच उठले.

खरा गोंधळ त्यानंतर झाला. मुलानं त्याच्याकडं आगपेटी मागितली. कायद्यानं ती घ्यावीच लागते. त्यानं मुलाच्या छातीला हात लावून ढकललं. मुलगा ट्रॉलीवर आदळला, कप खाली सांडले. मागच्या पाच-सहा रांगा उठून उभ्या राहिल्या. कुणी मोबाइल वर धरला. तीन तरुण बाह्या सरसावून वाटेत आले आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही बघतो याच्याकडं. एक म्हातारी देवाचं नाव घेऊन रडायला लागली.

मला त्या माणसापेक्षा त्या तिघांची भीती जास्त वाटली. एका माणसाला आवरता येतं. चाळीस माणसं मागच्या बाजूला गोळा झाली तर कुणालाच आवरता येत नाही. मी त्या तिघांना म्हटलं, तुमची मदत मला हवी आहे, पण ती तुमच्या जागेवर बसून हवी आहे. पट्टे बांधा आणि त्या आजींकडं लक्ष द्या. आवाज मी मुद्दाम खाली ठेवला, इतका की ऐकायला त्यांना गप्प व्हावं लागलं. एकजण बसला, मग दुसरे दोघे बसले.

सिनियर पुढून आल्या. कप्तानांना त्यांनी सगळं कळवलं होतं. उतरायला पाऊण तास होता. गरज पडली तर वाटेत कुठंतरी उतरवू, तुम्ही मागून सांगाल तसं, असा निरोप त्यांनी आणला. हात बांधायचे प्लॅस्टिकचे पट्टे त्यांनी घडीच्या ब्लँकेटखालून माझ्या हातात दिले. शेवटची रांग रिकामी करून घेतली. मी त्या माणसाला खिडकीकडं बसवलं, मी वाटेकडं बसले, पट्टे ब्लँकेटखाली मांडीवर. नवा मुलगा समोर उभा राहिला. तो तिथून हलला नाही.

नियमाप्रमाणं मी ताकीद वाचून दाखवली. त्यानं ऐकली की नाही कोण जाणे. तो आवाज चढवून म्हणत होता की माझी ओळख कुठवर आहे तुला ठाऊक नाही, तुझी नोकरी उद्या राहत नाही. मी गार पाण्याचा पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. तो चहा मागत होता, तो दिला नाही. अशा वेळी गरम काही हातात द्यायचं नसतं. मग मी नुसती बसून राहिले.

नुसतं बसणं फार अवघड असतं. ताकीद द्यावी, समजवावं, काहीतरी बोलावं असं सारखं वाटत राहतं. माझ्या डोळ्यांपुढं लिंबाखालचा तो रांजण होता आणि मावशींची मांडी घालून बसायची पद्धत. सात-आठ मिनिटं गेली असतील. त्याचं बडबडणं थांबत थांबत थांबलं. पेला उचलून त्यानं पाणी प्यायलं.

मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?"

त्यानं मान हलवली. नाही. मी मुलाला एक सँडविच आणायला सांगितलं. त्यानं ते चार घासांत संपवलं आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"तू आमच्याकडचीच हायेस की. बोलण्यावरनं वळखलं."

मी म्हटलं, तेरखेड्याची.

तो भूम तालुक्यातला निघाला. खव्याचा धंदा होता. दिल्लीला कुठल्याशा मिठाईवाल्यांची बैठक होती, जाताना रेल्वेनं गेला आणि परतीला पोरानं हौसेनं विमानाचं तिकीट काढून दिलं. आमच्या भागातला माणूस आहे हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट मान खाली गेली. जणू ती विडी आमच्याच घरातल्या कुणी टाकली होती.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "वर आल्यापास्नं छातीत नुसतं धडधड हुतंय, ताई. हातपाय गार पडलेत. कुणाला सांगावं? म्हून ओढली."

एवढं बोलून त्यानं पाय वर घेतला, मोज्यात बोटं घातली आणि आगपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती मुलाकडं दिली. पट्टे वापरायची वेळ आली नाही.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. विमान खाली यायला लागलं तसा तो पुन्हा अस्वस्थ झाला. मी मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहीत होते ते त्यानं पाहिलं. आता त्याच्या बोलण्यातलं 'तू' पार गेलं होतं.

"ताई, कागुद नका करू. तुमी आपल्या भागातल्या. गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय. व्हय का न्हाय?"

मी लिहायची थांबले. खोटं कशाला सांगू, पेन खाली ठेवावं असं मनात आलं होतं. डबा विझला होता, कुणाला इजा नव्हती, आगपेटी त्यानं आपणहून दिली होती. आणि वर आमच्याकडचा माणूस.

त्या वेळी मला कारखान्यातली एक सकाळ आठवली. मावशींची सख्खी भाची आमच्याच खोलीत होती, माझ्या शेजारी वाती खोचायला बसायची. एक दिवस फाटकापाशी तिच्या पिशवीच्या शिवणीत आगपेटी निघाली. चूल पेटवून घाईत तशीच आली होती बिचारी, मनात काही नव्हतं. ती मावशींच्या पाया पडली. आम्हा सगळ्या बायकांना वाटलं, घरातलीच आहे, एकदा सोडून देतील. मावशींनी मालकाला स्वतः जाऊन सांगितलं आणि भाचीचं काम त्याच दिवशी सुटलं. संध्याकाळी त्या डोक्यावर दाळीची पाटी घेऊन भाचीच्या घरी गेल्या. भाचीनं दार उघडलं नाही. मावशी ओट्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. चौथ्या दिवशी दार उघडलं. पुढं दोन महिन्यांनी भाचीला त्यांनीच दुसरीकडं मिरची खुडायच्या कामाला लावून दिलं.

मी त्या माणसाला म्हटलं, "मला लिहावं लागंल. पण घडलं तेवढंच लिहीन. आगपेटी तुम्ही आपणहून दिलीत, तेबी लिहीन."

तो खिडकीकडं तोंड करून बसला. मी अहवाल पुरा केला आणि त्याला मराठीत वाचून दाखवला. मुलाला ढकलल्याचं आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. वाचून झाल्यावर त्यानं समोर उभ्या असलेल्या त्या मुलाकडं पाहून दोन्ही हात जोडले. मुलाला काय करावं कळेना. त्यानंही हात जोडले.

विमान उतरल्यावर सगळे प्रवासी गेले, मग सुरक्षेची माणसं आत आली. मला तिथंच थांबायची गरज नव्हती, पण मी त्याची बॅग घेऊन शिडीच्या खालपर्यंत गेले. त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. बाहेर पोरगा गाडी घेऊन आलाय आणि घरी बायको वाट बघतीय, एवढंच तो सारखं सांगत होता. सुरक्षेच्या अधिकाऱ्याला विचारून मी माझ्या फोनवरून त्याला पाठ असलेला घरचा नंबर लावला. त्याची बायको बोलली. मी सांगितलं, विमान सुखरूप उतरलंय, ते बरे आहेत, पण इथं चौकशी आहे, यायला बराच उशीर होईल.

मग त्या बाईंनी विचारलं, "इडी वढली का काय त्यांनी?"

मी व्हय म्हटलं.

"म्या सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, नुसता थकवा. "ताई, तेवढं पाणी पाजा त्यांला. भेदरलं की त्यांला काय सुधरत न्हाय."

पोलिसात नोंद झाली, त्याच संध्याकाळी त्याला जामिनावर सोडलं. कंपनीच्या समितीनं काही महिने त्याच्यावर विमान प्रवासाची बंदी घातली. समितीपुढं मला एकदा बोलावलं, मी जे लिहिलं होतं तेच सांगितलं. त्यानंतर तो माणूस मला कधी भेटला नाही. भूमला जाणाऱ्या एसटीत बसले की मात्र पांढऱ्या शर्टातल्या माणसांकडं माझं लक्ष जायचं.

त्या दिवाळीत मी गावी आले तेव्हा मावशींना सगळं सांगितलं. तोवर त्यांनी कारखाना सोडला होता, गुडघे साथ देत नव्हते. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मी गोष्ट रंगवून सांगत होते, कोण काय म्हणालं, विमानात किती माणसं उभी राहिली. त्यांना त्यातलं फारसं काही पडलं नव्हतं. डब्यातले कागद बाहेर काढून बघितले का, हे त्यांनी विचारलं. थोटूक सापडलं का. पाणी किती ओतलं. दोन बाटल्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, कमी झालं, चार तरी वतायच्या.

मग लसणाची पाकळी बोटांत तशीच धरून त्यांनी विचारलं, "भ्याली हुतीस का गं?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. सिनियरनी पाठ थोपटली होती, कंपनीनं शाबासकीचं पत्र दिलं होतं. मी सांगितलं, तेव्हा नाही. पण मुक्कामाच्या हॉटेलात जाताना बसमध्ये हात असे कापायला लागले की पाण्याची बाटली धरता येईना. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्या नव्या मुलानं ते पाहिलं आणि न बोलता माझी पर्स त्याच्या मांडीवर घेतली.

मावशींनी मान हलवली. म्हणाल्या, त्यांचे हात रोज कापायचे. कारखान्यात असेपर्यंत नाही. घरी येऊन चूल पेटवायला बसल्या की कापायला लागायचे, म्हणून पहिली काडी नेहमी सासू ओढायची, पुढं सून ओढायची. सत्तावीस वर्षं. घरातल्या दोघींशिवाय कुणाला ते माहीत नव्हतं.

फाटकापाशी उभी असलेली ती बाई आम्हा सगळ्यांना दगडासारखी वाटायची. तिच्या एका नजरेनं आमचे हात स्थिर व्हायचे.

"कुणाला सांगितलं का न्हाय कधी?" मी विचारलं.

"सांगून काय? तुमी पोरी घाबरला असता."

आतून सुनेनं चहा झाल्याचं सांगितलं. मी उठून कप घेऊन आले. मावशींनी लसणाची टोपली माझ्याकडं सरकवली, आणि आम्ही दोघी गावात कुणाचं लग्न कुठं ठरलं ते बोलत सोलायला बसलो.